चौदा तारखेला मोकळी झालेली लाइन

१

यादी रिकामी होती.

ऑपरेटरबाईंनी माउस सोडला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या नुसत्या बघत राहिल्या. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. पडद्यावर निळं पान होतं, वर 'वाचलेली वाक्यं : ११४०' असा आकडा होता आणि खाली जिथे एकेका वाक्याची ओळ दिसायला हवी, तिथे पांढरंफटक.

"दुसऱ्या कुठल्या तरी फोल्डरमध्ये गेली असतील," मी म्हणालो. "सापडतील, काकू."

त्यांनी मान हलवली नाही. गळ्याशी जाळीचं पांढरं कापड बांधलेलं होतं आणि त्याखालच्या छिद्रातून श्वास आतबाहेर होताना बारीक सूं सूं ऐकू येत होतं. आवाज म्हणून त्यांच्याजवळ आता तेवढंच उरलं होतं.

ऑपरेटरबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात वायरी आणि तोंडात "थांबा हं, जोडून देते." त्यांचा आवाज ऐकून माणसं भांडण विसरायची, असं त्यांचे यजमान सांगायचे. मग घशाचं दुखणं निघालं. सर्जननी सांगितलं, स्वरयंत्र अख्खं काढावं लागेल. त्यातल्या त्यात एक सोय होती. ऑपरेशनआधी हजारभर वाक्यं स्वतःच्या आवाजात वाचून कॉम्प्युटरवर साठवली, तर एक केंद्र त्यातून त्यांच्याचसारखा बोलणारा आवाज तयार करून देणार होतं. बाईंनी टाइप करायचं आणि मशीननं त्यांच्या आवाजात बोलायचं. मधल्या खोलीच्या खिडकीला जाड रजई लावून त्यांनी एकोणीस दिवस रोज सकाळी वाचन केलं. तीन तारखेपासून एकवीसपर्यंत. बावीसला ऑपरेशन झालं.

मधे चौदा तारखेला मला बोलावलं होतं. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुकानाच्या पाटीवर 'झटपट दुरुस्ती' असं लिहिलंय, म्हणून लोक मलाच झटपट म्हणतात. बाईंचं मशीन उघडायला सात मिनिटं घ्यायचं आणि वाचताना अर्ध्या वाक्यात दगडासारखं बसायचं. मी बघितलं, तर मशीन सुरू होताक्षणी सत्तावीस प्रोग्रॅम आपोआप जागे होत होते. न विचारता आलेले पाहुणे, सगळे पंगतीला बसलेले. मी एकेकाला उठवलं. सहा ठेवले, बाकीचे बंद. वर माझा नेहमीचा सफाईचा प्रोग्रॅम बसवून दिला, पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी छोट्या झाडूचं चित्र असलेला. मशीन चाळीस सेकंदांत उघडायला लागलं. काम चालू असताना बाईंनी दोनतीनदा बोटानं दाखवून विचारलं होतं, हे काय आहे, ते काय आहे. तेव्हा त्या बोलत होत्या.

"काही नाही हो काकू, फालतू असतात हे," मी म्हणालो होतो.

आता त्या घरी आल्या होत्या. शेवटचं बटण दाबून आवाज तयार करायला घ्यायचा म्हणून दहा तारखेला सकाळी प्रोग्रॅम उघडला, तर हे असं. सुनेनं मला फोन केला आणि मी दहा मिनिटांत हजर झालो.

"केंद्राकडे काही पोचलं असेल का?" सुनेनं विचारलं.

"नाही हो, शेवटचं बटण दाबल्याशिवाय तिकडे काही जात नाही. सगळं मशीनवरच असतं." खरं म्हणजे मला ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगायची माझ्या जिभेला सवय होती.

ऑपरेटरबाईंनी मार्कर उचलला. मांडीवरच्या पांढऱ्या पाटीवर एका ओळीत लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

'आकडा आहे, वाक्यं नाहीत. म्हणजे होती. कोणीतरी घालवली.'

पुसून पुन्हा लिहिलं.

'मशीनचं तुम्ही बघा. माणसांचं मी बघते.'

२

घरात चौघं होती. बाई, त्यांचे यजमान, सून आणि यजमानांची धाकटी बहीण, जिला सगळे आत्या म्हणत. मुलगा बोटीवर नोकरीला होता, तो सहा महिन्यांत घरी फिरकला नव्हता.

बाईंनी आधी सुनेला बोलावलं. सून घरातूनच शिकवण्या घ्यायची, लॅपटॉपवर, मुलांना बीजगणित शिकवायची. ती बाईंच्या समोर स्टुलावर बसली आणि मी कॉम्प्युटरपाशी बसून फोल्डर चाळायचं निमित्त केलं. कान तिकडेच होते.

'तू ते मशीन वापरलंस?'

"नाही हो आई. माझा लॅपटॉप असतो. मला त्या मशीनचा पासवर्डही पाठ नाही."

'राग होता. वाचनाचा.'

सून गोरीमोरी झाली. "राग नव्हता... वैताग होता. तुम्ही वाचायला बसलात की माझा क्लास तुटायचा. पोरं म्हणायची, टीचर तुम्ही अडकलात. एकदा मी यांना फोनवर म्हटलं की हे कधी संपणार एकदाचं. तुम्ही ऐकलंत ना ते?"

बाईंनी मान डोलावली. ऐकलं होतं.

"मला फार लाज वाटते त्याची. पण नंतर तुटायचा बंद झाला क्लास. शेवटचा आठवडा तर काही त्रासच नव्हता. मग मी कशाला काय करीन?"

मग बाईंनी शेजारची वही उघडून त्यात काहीतरी टिपलं. एक्स्चेंजची सवय. कुठला कॉल कधी लागला, कधी तुटला, सगळं वहीत. वाचनाच्या दिवसांचीही नोंद त्यात होती. मी त्या टिपणाकडे लक्ष दिलं नाही. माझा संशय एव्हाना दुसऱ्याच माणसावर बसला होता.

"काकू," मी हळूच म्हणालो, "आत्यांना विचारा. ऑपरेशननंतर अठ्ठावीस तारखेला दुपारी कोणीतरी हा प्रोग्रॅम उघडलाय. इथे वेळ दिसतेय. काका आणि सून दोघंही तेव्हा तुमच्याजवळ हॉस्पिटलात असणार."

आणि आत्याचं तोंड सगळ्यांना माहीत होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भरल्या घरात ती म्हणाली होती, "चला, आता तरी या घरात जरा शांतता नांदेल." थट्टा होती. कोणी हसलं नव्हतं.

मीच जाऊन तिला बोलावून आणलं. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय असेल ते आठवलं की मला माझीच किळस येते. चोर पकडल्याचा आनंद होता त्यात.

३

आत्या पदराला हात पुसत आली. बाईंनी पाटी वळवली.

'वन्सं, अठ्ठावीसला मशीन उघडलंत?'

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे, मग जमिनीकडे.

"उघडलं."

"आणि काय केलंत?" मीच विचारलं. बाईंनी हातानं मला गप्प केलं.

"तुला सांगणार नव्हते मी हे," आत्या बाईंना म्हणाली. "मी तसं बोलले ना... शांतता नांदेल म्हणून. तू ऑपरेशनला गेलीस आणि खरंच शांतता झाली घरात. मला ती सोसेना. पासवर्ड तू भिंतीवर चिकटवून ठेवलेला आहेस. मी उघडलं, त्या बाणावर दाबलं आणि ऐकत बसले. 'आज हवा छान आहे.' 'दार लावून घ्या.' 'मला दोन नंबरची गोळी द्या.' असली वाक्यं. तासभर ऐकली. कोणी दारावर आलं तेव्हा घाबरून बंद केलं. मशीन नव्हे, फक्त पडदा. पुसलं मी काही नाही. मला पुसायचं कुठून तेही कळत नाही."

ती रडत नव्हती. तिची मान मात्र इतकी खाली गेली होती की भांगच दिसत होता. चाळिशीपासून त्या दोघी एका स्वयंपाकघरात एकमेकींना टोचत आल्या होत्या. बाईंनी हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. नुसता ठेवला.

मग पाटीवर लिहिलं, माझ्यासाठी.

'अठ्ठावीसला होती. आज दहा. मधले बारा दिवस.'

तेवढ्यात दाराशी खाकरल्याचा आवाज झाला. यजमान उभे होते. हातात चष्मा होता.

"बारा दिवस मोजत बसू नकोस," ते म्हणाले. "दोन तारखेला मीच केलं ते."

४

काका निवृत्त ड्राफ्ट्समन. उभं आयुष्य पुलांचे आणि टाक्यांचे आराखडे काढण्यात गेलं. आता जुन्या आराखड्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायचा नाद होता.

"मशीन सांगत होतं, जागा कमी पडतेय," ते म्हणाले. "म्हटलं, दोनदोनदा चढवलेलं फेकून देऊ. एक फोल्डर होता, त्यात नुसते आकडे. एक, दोन, तीन... शेकड्यांनी. मला वाटलं माझेच आराखडे. उघडून बघायला हवं होतं. नाही बघितलं. निवडलं आणि फेकलं." ते थांबले. "तुझी वाक्यंही आकड्यांचीच होती ना गं? मी फेकला तुझा आवाज."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मार्करचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग पाटी उलटी करून मांडीवर पालथी ठेवली.

काका तसेच उभे राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं बोलणं ऐकलं असेल, टोमणे ऐकले असतील. पालथी पाटी पहिल्यांदाच बघत होते.

"झटपट," ते मला म्हणाले, "परत येईल का रे काही?"

"बघतो, काका."

फेकलेलं लगेच नाहीसं होत नाही, आधी कचरापेटीत जातं. मी ती उघडली. आत तीनशे चाळीस वस्तू होत्या, दोन तारखेच्या. पहिली उघडली. पाण्याच्या टाकीचा आराखडा. दुसरी, तोच आराखडा जरा वाकडा. मी सरसर खाली गेलो. टाक्या, पूल, जिने. आवाजाची एकही फाइल नाही. काकांनी खरंच फक्त आपले आराखडे फेकले होते.

मला वाटलं, चला, म्हातारा सुटला. सांगायला तोंड उघडणार, इतक्यात माझी नजर कोपऱ्यातल्या झाडूवर गेली.

सफाईचा तो प्रोग्रॅम मी प्रत्येक घरी बसवतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, कोणाला न विचारता, तो मशीनमधला पालापाचोळा झाडून टाकतो. पेटीबिटी नाही, थेट बाहेर. मी त्याची नोंद उघडली.

'१ तारीख, सकाळी ९.१२. फोल्डर : पाठवायचे. फाइल : ९२९. काढल्या.'

पाठवायचे. मी सुरुवातीच्या यादीत गेलो, चौदा तारखेला बंद केलेल्यांच्या. एकवीस नावं. त्यात एक राखाडी चौकोन होता, नावाच्या जागी नुसती अक्षरं. तेव्हा तो सगळ्यांत जास्त मेमरी खात होता आणि इंटरनेटची लाइनही, म्हणून पहिला घाव मी त्यालाच घातला होता. तो बाईंच्याच आवाजाचा हमाल होता. एकेक वाक्य उचलायचं, सावकाश केंद्राकडे नेऊन पोचवायचं आणि पोचलं की इथून काढायचं, एवढंच त्याचं काम. मी हमालाला हाकलला. ओझी दारातच साचत राहिली. मग पहिली तारीख उजाडली आणि माझ्याच झाडूनं ती कचरा समजून लोटून दिली.

माझ्या पाठीमागे काका म्हणाले, "काही दिसतंय का?"

मी पडद्यावरच्या खिडक्या बंद केल्या. नोंदही आणि कचरापेटीही.

"सांगणं कठीण आहे, काका," मी म्हणालो. "मशीन दुकानात नेऊन प्रयत्न करतो."

मागे वळलो, तर बाई खुर्चीतून उठून माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. कधी उठल्या, कळलंच नव्हतं.

५

मशीनचा डबा पोटाशी धरून मी जिना उतरलो. स्वतःला सांगत होतो की वाक्यं परत आणीन आणि मगच सगळं सांगीन. निस्तरल्यावर सांगितलेली चूक छोटी दिसते. हातात काहीच नसताना ती कशी सांगायची?

अकरा तारखेचा अख्खा दिवस मी ती डिस्क खरवडत होतो. पुसलेलं परत आणायचे दोन-तीन उपाय असतात, ते सगळे केले. पण काकांनी जागा मोकळी करून तिथे नवे आराखडे चढवले होते, वाक्यांच्या डोक्यावर टाक्या आणि पूल बसले होते. निघाले ते अकरा तुकडे. एकात 'दार ला' एवढंच, बाकीच्यांत खरखर.

बारा तारखेला सकाळी सुनेचा फोन आला. "काही लागलं का हाती?"

"चालू आहे प्रयत्न."

"लवकर बघा हो. बाबा कालपासून जेवले नाहीत. आईंनी त्यांच्यासाठी पाटीवर एक अक्षर लिहिलेलं नाही. रागानं म्हणून नव्हे बहुतेक. लिहिणार तरी काय? पण बाबा मधल्या खोलीतली ती रजई काढून घडी घालत बसले होते. चारदा घडी मोडली आणि चारदा घातली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. फोन हातात होता, एकच वाक्य लागणार होतं. मी म्हणालो, "काकांना म्हणावं, धीर धरा."

फोन ठेवला आणि त्याहून वाईट गोष्ट केली. मशीनमधला झाडू काढून टाकला, नोंदीसकट. मग स्वतःला म्हटलं, आता डिस्क स्वच्छ आहे. माझी बायको दुकानात डबा द्यायला आली होती, म्हणाली, "असे का दिसताय? कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही, एक मशीन गेलं.

दुपारी मोबाइलवर निरोप आला. ऑपरेटरबाईंच्या नंबरावरून, त्यांनी स्वतः टाइप केलेला.

'उद्या सकाळी अकरा. मशीन घेऊन या. सगळे असतील. कोणी घालवलं ते कळलंय.'

६

मधल्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या होत्या. काका भिंतीशी बसले होते, दाढी वाढलेली. आत्या त्यांच्या शेजारी. मी डबा टेबलावर ठेवून वायरी जोडल्या. मशीन उघडलं. चाळीस सेकंद.

बाईंनी आधीच चार कागद लिहून ठेवले होते. ते सुनेच्या हातात दिले आणि वाच, अशी खूण केली. सून उभी राहून वाचायला लागली.

"'पहिली गोष्ट ह्यांच्याबद्दल. तुम्ही नाही घालवलंत. झटपटनी कचऱ्याची पेटी उघडली तेव्हा मी मागे उभी होते. आत टाक्या आणि पूल होते. माझं वाचता येणं अजून शाबूत आहे.'"

काकांनी डोकं वर केलं. "मग... तू मला..."

बाईंनी हात वर केला. सुनेनं पुढचा कागद घेतला.

"'तेव्हाच सांगायला हवं होतं, मान्य. पण तुम्ही नाही, तर कोण, हे कळेपर्यंत मला कोणाला सावध करायचं नव्हतं. त्याची माफी मी वेगळी मागीन. आता दुसरी गोष्ट. सूनबाई म्हणाली, माझ्या वाचनामुळे तिचा क्लास तुटायचा आणि शेवटच्या आठवड्यात तुटायचा बंद झाला. वहीत बघितलं. तेरा तारखेपर्यंत तिची रोज तक्रार आहे. चौदानंतर एकही नाही. मी तर एकवीसपर्यंत वाचत होते. म्हणजे लाइन माझ्या वाचनानं अडत नव्हती. मी वाचलेलं कोणीतरी त्या लाइनवरून कुठेतरी पाठवत होतं. एक्स्चेंजमध्ये लाइन दोनच कारणांनी मोकळी होते. बोलणं संपलं तर, नाहीतर कोणी वायर उपसली तर. माझं बोलणं संपलं नव्हतं.'"

मी मशीनच्या मागच्या वायरीकडे बघत होतो, जणू ती सैल झाली आहे.

"'तिसरी गोष्ट. आम्हाला सांगितलं होतं की केंद्राकडे काही जातच नाही. काल सूनबाईकडून फोन करून विचारलं. त्यांच्याकडे माझी दोनशे अकरा वाक्यं आहेत. शेवटचं तेरा तारखेला दुपारी बारा वाजता पोचलं. ते म्हणाले, पाठवण्याचं काम एक वेगळा लहान प्रोग्रॅम करतो. तो बंद केला असेल तर वाक्यं मशीनवरच साचतात, आणि सफाई चालवली तर जातात. चौदा तारखेला या घरात बाहेरचं एकच माणूस आलं होतं. राखाडी चौकोन कसला, असं मी त्याला विचारलं होतं. फालतू, असं उत्तर मिळालं. माझ्या स्वतःच्या आवाजात मी विचारलेल्या शेवटच्या काही प्रश्नांपैकी तो एक होता.'"

सून तिथे थांबली. बाईंनी शेवटचा कागद तिला वाचू दिला नाही. मार्कर घेऊन उठल्या, पडद्यापाशी आल्या आणि घड्याळाशेजारच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. पाटीवर दोन शब्द लिहिले.

'झाडू कुठाय?'

"मी काढला," मी म्हणालो. "काल."

'का?'

एवढा छोटा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. उत्तरं पुष्कळ तयार होती. प्रत्येक घरी बसवतो, सगळेच करतात, तुमचं मशीन खरंच हळू होतं, त्या प्रोग्रॅमवर नावसुद्धा नव्हतं. काका माझ्याकडे बघत होते. तीन दिवसांत त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"सापडू नये म्हणून," मी म्हणालो. "वाक्यं मी घालवली. मला दहा तारखेलाच कळलं होतं. काकांनी काही केलेलं नाही, हे माहीत असून मी त्यांना धीर धरा म्हणालो."

आत्यानं तोंडावर पदर घेतला. मग बाईंनी लिहिलं.

'पहिल्या दिवशी तुम्ही वन्संना प्रश्न विचारत होता. हे बोलले आणि तुमचे प्रश्न थांबले. तेव्हाच शंका आली. चौदाची चूक कोणाकडूनही झाली असती.'

त्यांनी पाटी पुसली. जरा जोरानं पुसली.

'हे तीन दिवस मात्र तुम्ही केलेत.'

मी हात जोडले. हत्यारांची पिशवी उचलली. काका दारापर्यंत आले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मी तिला म्हणालो होतो, मी फेकला तुझा आवाज," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. ते तर आता कुठल्या पेटीतून परत येणार नाही ना?"

दार त्यांनी हळू लावलं. आपटलंसुद्धा नाही.

७

दुकानात माझ्याकडे गिऱ्हाइकांची वही होती. झाडू मी त्रेसष्ट घरी बसवला होता. दुसऱ्या दिवसापासून मी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "मी झटपट बोलतोय. मी तुमच्या मशीनमधे एक प्रोग्रॅम बसवलाय. तुम्हाला न विचारता काही गोष्टीही बंद केल्यात. येऊन दाखवतो कुठल्या त्या. तुमचं काही गेलंय का?"

चार दिवस लागले. बहुतेकांना मी काय म्हणतोय तेच कळलं नाही. "मशीन फास्ट चालतंय की, कशाला हात लावताय?" असंच जास्त. एका शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या वर्गांच्या फोटोंचा इंटरनेटवरच्या साठ्याशी असलेला जोड तुटला होता, तो जुळला. एका घरी वडिलांच्या हृदयाच्या यंत्राची रोजची नोंद डॉक्टरकडे पाठवणारा प्रोग्रॅम मी बंद केला होता. तिथे मुलानं मला दारातच उभं केलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की तुम्हाला वाचता येतं का. येत होतं. मी वाचलं नव्हतं, एवढंच. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करून दिला.

चौदा गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली त्यांच्याकडे आता मला दुप्पट वेळ लागतो. एकेका नावावर बोट ठेवून विचारतो, हे कशाचं, कोण वापरतं. लोक कंटाळतात. दुकानाची पाटी मी बदलली नाही. बदलली असती तर कोणीतरी कारण विचारलं असतं आणि मला सांगावं लागलं असतं, आणि तेवढं धैर्य मला रोज जमत नाही.

ऑपरेटरबाईंच्या घरी मी पुन्हा गेलो नाही. सुनेनं एकदा कळवलं की केंद्रानं त्या दोनशे अकरा वाक्यांतूनच आवाज तयार केलाय, कामचलाऊ. काही अक्षरं मिळालीच नाहीत, तिथे तो अडखळतो. मी 'बरं झालं' असं लिहिलं, पुसलं, आणि शेवटी काहीच पाठवलं नाही.

चार महिन्यांनी मी औषधाच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढे सहासात माणसं होती. मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि पिशवीची खसखस ऐकू आली.

"चिठ्ठी कुठे ठेवलीस?" एक पुरुष म्हणाला. मी तो आवाज ओळखला.

"तुमच्याच खि... शात आहे," दुसरा आवाज म्हणाला. 'श'वर तो घसरला, जरा यंत्रासारखा, सपाट. पण शेवटी वर उचलला जाणारा तो स्वर तोच होता.

"माझ्या खिशात नाहीये."

"दुसऱ्या खि... शात. चाळीस वर्षं दोनच खिसे आहेत तुमचे."

काका हसले. मोठ्यानं हसले, दुकानातल्या दोघांनी वळून बघितलं. मीही वळलो. वळायचं नव्हतं, पण वळलो.

बाईंच्या गळ्यात दोरीला अडकवलेला लहानसा पडदा होता आणि बोटं त्याच्यावर होती. त्यांनी मला बघितलं, आणि काकांनीही. काकांचं हसू तिथेच थांबलं. मी नमस्काराला हात वर नेले, ते अर्ध्यावरच राहिले. मला त्यांना सांगायचं होतं की मी त्रेसष्ट फोन केले. पण ते त्यांना कशाला सांगायचं? ते काय त्यांच्यासाठी होते? ज्या माणसाला मी तीन दिवस गुन्हेगार होऊन बसू दिलं, त्याच्यासमोर उभं राहून माझी सुधारणा वाचून दाखवायची?

"काका," मी म्हणालो, "मी तुमची माफी मागितलीच नाही त्या दिवशी. सगळ्यांसमोर सांगितलं, पण तुमची मागितली नाही. चुकलो."

काकांनी चिठ्ठी दुसऱ्या खिशातून काढली, उलगडली, पुन्हा घडी घातली. रांगेतली माणसं पुढे सरकली होती आणि माझ्यासमोर चार पावलांची मोकळी जागा पडली होती, ती मला दिसलीच नाही.

बाईंची बोटं पडद्यावर हलली.

"पुढे सरका," त्यांचा आवाज म्हणाला.

मी पुढे सरकलो.